काचेचा स्वभाव आणि कारागिराचा हात

आमच्या आजोळच्या वाड्यात दिवाणखान्याच्या छताला एक जुनं झुंबर होतं. गौरी-गणपती जवळ आले की ते खाली उतरवायचं, त्याचे लोलक एकेक करून सोडवायचे, रिठ्याच्या पाण्यात धुवायचे आणि मऊ फडक्यानं पुसून पुन्हा जागच्या जागी अडकवायचे, हे काम आम्हां मुलांकडे असे. एका वर्षी आजोबांनी त्यातला एक लोलक तारेला धरून उचलला आणि त्याला नखानं टिचकी मारली. बारीक, गोड असा नाद निघाला आणि कानात घुमत राहिला. मग शेजारी पाण्याचा काचेचा पेला होता, त्यालाही त्यांनी तशीच टिचकी मारली. तो नुसता ‘टक्’ म्हणाला. ‘‘दोन्ही काचच ना रे? मग एक गातो आणि दुसरा का गात नाही, सांग पाहू,’’ आजोबा म्हणाले.

मला काही सांगता आलं नाही. आणि पुढे आजोबांनी हसत हसत कबूल केलं की, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. मी महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो, तेव्हा कुठे युरोपातल्या व्यापाराची पुस्तकं चाळता चाळता त्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं. उत्तर तसं एका शब्दाचं आहे, आणि तो शब्द मी यथावकाश सांगणारच आहे. पण त्या शब्दापर्यंत पोहोचायला युरोपातल्या कारागिरांना जवळजवळ चारशे वर्षं लागली. त्या काळात एका राज्यानं आपल्या काचकारागिरांना बेटावर कोंडून ठेवलं, दुसऱ्या एका राजानं त्यांना फूस लावून पळवलं, आणि ज्या नकाशीसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती नकाशी मात्र एका देशातून दुसऱ्या देशात जाताना दर वेळी रूप पालटत गेली. ती का पालटली, हीच आजची हकीकत.

प्रथम काच म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. काचेचा मूळ जिन्नस म्हणजे शुद्ध वाळू किंवा गारगोटीचा चुरा. पण नुसती वाळू वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस एवढी उष्णता लागते, आणि लाकडं जाळून चालणाऱ्या जुन्या भट्ट्यांत इतकी धग निघत नसे. म्हणून वाळूत खार मिसळायचा. खार पडला की वाळू पुष्कळ कमी उष्णतेवर पाघळते. परंतु वाळू आणि खार एवढ्यानंच भागत नाही. तशी काच पाण्यात विरघळून जाते. तिला टिकाऊपणा यावा म्हणून थोडा चुना लागतो. वाळू, खार आणि चुना, झाली काच!

आता हा खार कुठून आणायचा? समुद्राकाठच्या किंवा खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख केली की सोड्याचा खार मिळतो. आपला पापडखार पूर्वी अशाच झुडपांच्या राखेतून काढीत असत. उलट, डोंगरातल्या रानात बीचसारखी मोठी झाडं तोडून त्यांची राख केली, तर दुसऱ्या जातीचा, पोटॅशचा खार मिळतो. हा फरक, श्रोतेहो, कृपा करून ध्यानात ठेवा. पुढचं सगळं महाभारत या दोन राखांत आहे.

दुसरी एक गोष्ट. पाणी शून्य अंशावर गोठतं. क्षणापूर्वी पाणी, क्षणानंतर बर्फ. काचेचं तसं नाही. काच वागते साखरेच्या पाकासारखी. पाक आधी पाण्यासारखा पातळ असतो, मग एकतारी होतो, मग दोनतारी, मग गोळीबंद, आणि शेवटी त्याचा कडकडीत खडा होतो. सुगरणीला हव्या त्या क्षणी तो पकडता आला पाहिजे. काचकारागिराचं तेच. भट्टीतून काढलेली काच मधासारखी ओघळते, थोड्याच वेळात मेणासारखी होते, आणि बघता बघता कडक. आता काही काच या मधल्या मऊ अवस्थेत बराच वेळ राहते, तर काही भराभर आवळून येते. सोड्याच्या खाराची काच पहिल्या जातीची आणि पोटॅशची दुसऱ्या जातीची. पहिलीला खेळवता येतं. दुसरी खेळू देत नाही, पण एकदा थंड झाली की दणकट आणि कठीण असते. म्हणजे नकाशीच्याही दोन तऱ्हा झाल्या. एक, काच गरम असताना तिच्या अंगातच केलेली; आणि दुसरी, काच थंड झाल्यावर तिच्या अंगावर कोरलेली.

गरम काच लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन फुंकायची आणि तिचा फुगा करायचा, ही युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला निघाली. आपल्या चुलीपाशी फुंकणी असायची, तशीच ती नळी. फक्त लांबीला चांगली मोठी. रोमन लोकांनी ती कला थेट पश्चिमेकडे नेली. पण मला आज तुम्हांला न्यायचं आहे ते व्हेनिसला.

व्हेनिस हे दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं गणराज्य. सीरियाकडून जहाजं यायची त्यांत खाऱ्या झुडपांची उत्तम राख यायची. शहरात काचेच्या भट्ट्या पुष्कळ आणि घरांत लाकूडकाम पुष्कळ. आगीची भीती कायमची. म्हणून १२९१ साली सरकारनं हुकूम काढून शहरातल्या काचेच्या भट्ट्या हलवल्या आणि त्या जवळच्या मुरानो बेटावर गेल्या. कारण आगीचं, यात खोटं काही नाही. पण सगळे कारागीर एका बेटावर आले की त्यांच्यावर नजर ठेवणं किती सोपं, हेही सरकारच्या लवकरच ध्यानात आलं. कारागिरानं परवानगीवाचून बेट सोडायचं नाही, परदेशात जाऊन धंदा करायचा नाही, असे कायदे झाले. गेलाच कुणी, तर मागं राहिलेल्या नातेवाइकांना तुरुंगात घालण्याची धमकी असे. अर्थात नुसता चाबूक नव्हता, गूळही होता. मुरानोच्या काचकारागिराच्या मुलीनं सरदार घराण्यातल्या मुलाशी लग्न केलं, तर त्यांच्या संततीचं सरदारपण अबाधित राहत असे. त्या काळच्या युरोपात हातानं काम करणाऱ्या माणसाला एवढा मान क्वचितच मिळत असे.

आणि मान मिळावा असंच ते काम होतं. पंधराव्या शतकाच्या मध्याला आंजेलो बारोव्हिएर नावाच्या मुरानोच्या उस्तादानं जवळजवळ निर्वर्ण, स्वच्छ अशी काच बनवली. आज आपल्याला त्यात काय विशेष, असं वाटेल. पण साध्या काचेच्या तुकड्याची कड निरखून पाहा, ती हिरवट दिसते. वाळूत लोखंडाचा अंश असतो, त्याचा तो रंग. बारोव्हिएरच्या परंपरेतले कारागीर काय करीत? वाळूऐवजी नदीतल्या पांढऱ्याशुभ्र गारा निवडून दळीत. राख पाण्यात उकळून, गाळून, आटवून तिचा शुद्ध खार काढीत. आणि वर चिमूटभर मँगनीज टाकीत. मँगनीज काचेला जांभळट छटा देतं आणि ती छटा हिरवटपणाला मारते. आपण पांढऱ्या धोतराचा पिवळेपणा घालवायला नीळ देतो ना, तसंच हे. मँगनीजला काचवाल्यांचा साबण म्हणत, ते याचमुळे. या स्वच्छ काचेला त्यांनी नाव दिलं ‘क्रिस्तालो’, म्हणजे स्फटिक. आपण ‘बिलोरी’ म्हणतो, त्यामागंही फारसीतला स्फटिकच आहे. काचेनं स्फटिकासारखं दिसावं, ही हौस सगळीकडची.

ही क्रिस्तालो सोड्याची काच होती, म्हणजे खेळणारी. मग मुरानोच्या लोकांनी तिला खेळवली! त्यांची सर्वांत नामांकित नकाशी म्हणजे ‘फिलिग्राना’, काचेच्या अंगातली दोऱ्यांची वेलबुट्टी. ती कशी करीत, पाहा. दुधासारख्या पांढऱ्या काचेचा गोळा स्वच्छ काचेत बुडवायचा. दोघांनी तो दोन बाजूंनी लोखंडी कांबींवर धरायचा आणि एकमेकांपासून भराभर दूर चालत जायचं. मधली काच ताणत ताणत लांब कांडी होते, आणि तिच्या पोटात पांढरा धागा तसाच राहतो. ताणताना पीळ दिला, तर धाग्यालाही पीळ बसतो. अशा कांड्यांचे सारखे तुकडे एकाशेजारी एक मांडायचे, तापवून एकमेकांना चिकटवायचे, ती चटई फुंकणीच्या टोकावर गुंडाळून तिचा नळा करायचा, तोंड मिटवायचं आणि फुंकायचं. झालेल्या पेल्याच्या अंगात पांढऱ्या दोऱ्या अशा उभ्या धावतात की, जणू मलमलीत जरीच विणली आहे. १५२७ साली सेरेना नावाच्या दोन भावांनी अशा पीळदार कामासाठी व्हेनिसच्या सरकारकडून खास हक्क मिळवला होता. याचीही पुढची पायरी निघाली, तिचं नाव ‘रेतिचेल्लो’. एका फुग्यातल्या दोऱ्या उजवीकडे पिळलेल्या, दुसऱ्यातल्या डावीकडे. एक फुगा दुसऱ्याच्या आत फुंकायचा. दोऱ्यांची जाळी तयार होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एकेक बारीक बुडबुडा अडकतो. सगळं हातानं, डोळ्याच्या अंदाजानं, आणि काच आवळून यायच्या आत!

दुसरी एक तऱ्हा आपल्या अळूवडीवरून चटकन कळेल. अळूवडीचा उंडा लांबून नुसता हिरवा दिसतो. कापला की प्रत्येक कापात तोच गोल वेटोळा. तसं रंगीत काचेचे थर एकावर एक चढवून जाड कांडी करायची, ती ताणून बारीक करायची आणि तिचे काप करायचे. प्रत्येक कापात तेच फूल, तोच तारा. मुरानोचे तारा-मणी असेच व्हायचे. बारोव्हिएरची मुलगी मारिएत्ता हिचं नाव या मण्यांशी परंपरेनं जोडलेलं आहे, आणि १४८७ साली तिला स्वतःची छोटी भट्टी लावायची परवानगी मिळाल्याची नोंद आहे. हे मणी पुढं आफ्रिकेत आणि अमेरिकेत गेले.

आता मला सांगा, अशी विद्या भिंतीआड ठेवता येईल का? राज्यानं प्रयत्न पुष्कळ केला. पण नेमकं काय कोंडायचं, याचा त्याचा हिशेब चुकला. जिनसांची यादी पेटीत ठेवून कुलूप लावता येतं. कांडी किती ताणायची, कुठल्या क्षणी फुंकायचं, हे ज्ञान पेटीत नसतं, हातात असतं. आणि हाताला पाय असतात! १५७५ साली जाकोमो व्हेर्झेलिनी या व्हेनिसच्या माणसाला लंडनमध्ये व्हेनिसच्या धर्तीचे पेले करण्याचा २१ वर्षांचा हक्क इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनं दिला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या कोल्बेर या मंत्र्यानं १६६५ साली आरशांचा सरकारी कारखाना काढला आणि त्यासाठी मुरानोचे आरसेवाले गुपचूप फोडून आणले. व्हेनिसच्या वकिलातीनं त्यांना परत आणायची खूप खटपट केली. १६६७ साली त्यांतले दोघे अचानक दगावले, तेव्हा विषप्रयोगाची कुजबुज पॅरिसमध्ये झाली. ती सिद्ध कधी झाली नाही. पण काम फ्रेंच लोक शिकलेच. १६८४ साली व्हर्सायच्या राजवाड्यात पुरं झालेलं, ३५७ आरशांचं ते प्रसिद्ध दालन ही त्याची साक्ष.

याच्या अगदी उलट उदाहरणही इटलीतलंच आहे. जेनोआजवळच्या डोंगरात आल्तारे नावाचं काचवाल्यांचं लहानसं गाव आहे. त्या गावाच्या श्रेणीनं आपल्या कारागिरांना कोंडलं नाही. उलट मोबदला घेऊन त्यांना ती परदेशच्या भट्ट्यांवर पाठवत असे. फ्रान्समध्ये, नेदरलँड्समध्ये ‘व्हेनिशियन पद्धतीची’ म्हणून जी काच झाली, तिच्यात या आल्तारेकरांचा मोठा वाटा आहे. एका गावानं विद्येला दार लावलं, दुसऱ्यानं तिची फेरी काढली. आणि दोन्ही वाटांनी विद्या बाहेर गेलीच. पुढं १६१२ साली अंतोनिओ नेरी या धर्मोपदेशकानं फ्लॉरेन्समध्ये काचविद्येवर पुस्तकच छापलं. त्यात जिनसांची मापं होती, रंगांच्या कृती होत्या. १६६२ साली लंडनच्या ख्रिस्तोफर मेरेटनं ते इंग्रजीत आणलं, आणि १६७९ साली कुंकेल या जर्मन रसायनज्ञानं ते जर्मनमध्ये, स्वतःच्या टीपांसह. हाच कुंकेल सोन्याच्या अंशानं माणकासारखी लाल काच करण्यासाठी गाजला. गंमत अशी की, ती काच भट्टीतून निघते तेव्हा जवळजवळ बिनरंगी असते. पुन्हा तापवली की लाल होते.

इथवर आपण गरम काच पाहिली. आता आल्प्सच्या उत्तरेला, बोहेमियात जाऊ. म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. प्राग शहरी सम्राट दुसरा रूडॉल्फ मोठा शोकीन होता. त्याच्या पदरी कास्पार लेहमान नावाचा रत्नं कोरणारा कारागीर होता. रत्न कोरायचं म्हणजे काय? तांब्याची लहानशी चकती गरगर फिरत असते. तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड सोडायची आणि रत्न तिच्याखाली धरून फिरवायचं. तांबं मऊ, कापते ती पूड. लेहमाननं तेच चक्र काचेला लावलं. त्याच्या सहीचा, १६०५ सालचा एक पेला प्रागच्या संग्रहालयात आहे. त्याच्यावर सत्ता, कुलीनता आणि औदार्य यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. १६०९ साली सम्राटानं त्याला काचेवर कोरीवकाम करण्याचा एकट्याचा हक्क दिला. हक्क एकट्याचा खरा, पण शागीर्द होताच. १६२२ साली लेहमान वारला. तीस वर्षांच्या युद्धानं प्रागची धूळधाण चालवली होती, तेव्हा त्याचा शागीर्द गिओर्ग श्वानहार्ट आपलं चक्र घेऊन न्यूरेंबर्गला गेला. तिथं कोरणाऱ्यांची मोठी परंपरा उभी राहिली. पुन्हा तेच, विद्या हातांबरोबर गेली.

पण लेहमानपुढं एक अडचण होती. व्हेनिसच्या पद्धतीची काच पातळ, नाजूक. हिऱ्याच्या टोकानं तिच्यावर हलके ओरखडे काढता येत. व्हेनिसमध्ये विन्चेन्झो दाल गाल्लो यानं १५४९ साली त्याचाही हक्क मिळवला होता. खोल कोरायचं तर अंगात जाडी हवी, कठीणपणा हवा. आता ती दुसरी राख आठवा! बोहेमियाला समुद्र नाही. पण डोंगर आणि रानं मुबलक. तिथला खार पोटॅशचा. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिथल्या भट्टीवाल्यांनी पोटॅशच्या काचेत खडू, म्हणजे चुनखडीच, घालून स्वच्छ, जाड, कणखर काच बनवली. ती फिलिग्रानासारखी खेळवता येईना. पण चक्राखाली धरली की तिच्यावर हरणं, अरण्यं, राजांची चित्रं, शिकारी, जे मनात येईल ते खोल उठू लागलं. शंभर वर्षं जी काच व्हेनिसची नक्कल करायला धडपडत होती, तिनं नक्कल सोडली आणि स्वतःच्या स्वभावाला धरून नकाशी केली; तेव्हा ती व्हेनिसच्या पुढं गेली. अठराव्या शतकात युरोपच्या बाजारात बोहेमियन कोरीव काचेचा बोलबाला होता. क्रायबिख नावाचा एक बोहेमियन काचविक्या माल घेऊन देशोदेशी हिंडला आणि आपल्या प्रवासांची हकीकत लिहून ठेवून गेला.

आणि आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ.

लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट नावाचा व्यापारी होता. व्हेनिसशी त्याचा जुना व्यवहार. १६७४ साली त्यानं स्फटिकासारख्या काचेचा एकाधिकार मिळवला. इटालियन कारागीर त्याच्या भट्टीवर होते. पण सुरुवातीची त्याची काच काही महिन्यांतच ‘रडू’ लागे. अंगावर ओल सुटे, मग बारीक तड्यांचं जाळं पसरे आणि काच आंधळी होऊन जाई. खार जास्त आणि टिकाऊपणा देणारा जिन्नस कमी, हे त्याचं कारण. या रोगावर उपाय शोधता शोधता त्यानं काचेत शिशाचं भस्म वाढवत नेलं. शेंदूर म्हणून आपण ओळखतो, तो शिशाच्याच घरचा. शिसं पडलं आणि रोग हटला. १६७७ साली त्यानं आपल्या पेल्यांवर डोमकावळ्याच्या डोक्याची मोहोर लावायला सुरुवात केली; कारण त्याच्या आडनावात डोमकावळा आहे.

श्रोतेहो, तो एक शब्द हा, शिसं! रोगावरचा उपाय म्हणून आलं आणि काचेचा स्वभावच पालटून गेलं. शिशाची काच वजनाला जड, कापायला मऊ, प्रकाशाला अधिक वाकवणारी. आणि टिचकी मारली तर गाणारी. व्हेनिसच्या काचेसारखी ती अगदी पातळ फुंकता येईना, म्हणून इंग्रजांनी तो नाद सोडला. त्यांनी जाड काचेला पैलू पाडायला घेतले. आधी लोखंडाच्या चाकावर पाणी आणि वाळू सोडून खोल खाचा घ्यायच्या, मग दगडाच्या चाकावर त्या गुळगुळीत करायच्या, शेवटी लाकडाच्या चाकावर चकाकी आणायची. प्रत्येक खाच म्हणजे एक लोलक. आत शिरलेला प्रकाश सप्तरंगांत फुटून बाहेर पडतो. अशाच काचेची झुंबरं पुढं बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीनं आपल्याकडच्या संस्थानिकांना पुरवली. कलकत्त्यात तिचं दुकान होतं.

या पैलूदार काचेच्या इतिहासात सरकारी कराचाही हात आहे बरं का. १७४५ साली इंग्लंडच्या संसदेनं काचेवर वजनानुसार कर बसवला. काच जड, म्हणजे कर जड! मग कारागिरांनी पेले हलके केले; पैलूंऐवजी नाजूक कोरीवकाम, रंगीत मिना, आणि पेल्याच्या दांड्यात हवेचे किंवा पांढऱ्या काचेचे पीळ, अशी सजावट वाढली. म्हणजे कराच्या धाकानं व्हेनिसचा पीळ पुन्हा एकदा डोकावला. आयर्लंडला मात्र १७८० साली मोकळीक मिळाली. लगेच १७८३ साली वॉटरफर्डला कारखाना निघाला. इंग्लंडातल्या स्टाउरब्रिजचे कसबी कामगार तिकडे गेले आणि जाड, खोल पैलूंची काच आयर्लंडच्या नावावर प्रसिद्ध झाली. इंग्लंडातला कर उठला तो १८४५ साली.

त्याच १८४५ सालची दुसरी एक गोष्ट सांगतो आणि आवरतं घेतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळचं एक काचपात्र आहे, पोर्टलंड पात्र म्हणतात त्याला. गर्द निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर. आणि तो थर कोरून कोरून काढलेल्या मानवाकृती. काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. १८४५ च्या फेब्रुवारीत एका तरुणानं दारूच्या अंमलात ते फोडलं. दोनशेच्या आसपास तुकडे झाले. आपल्याकडे बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. इथं मात्र फुटली याशिवाय दुसरा शब्द नव्हता. तुकडे सांधून पात्र पुन्हा उभं केलं. आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट ही की, असं दुसरं पात्र करून दाखवील असा माणूस तेव्हा युरोपात नव्हता. वेजवुडनं १७९० च्या सुमारास त्याची हुबेहूब प्रतिकृती केली होती, पण मातीत. काचेची रीत कुणालाच येत नव्हती. रोमन कारागिरांचं गुपित कुणी चोरलं नव्हतं, विकलं नव्हतं, छापलं नव्हतं. ते नुसतं शिकणारा राहिला नाही म्हणून मेलं. स्टाउरब्रिजकडच्या जॉन नॉर्थवुडनं तीन वर्षं खपून १८७६ साली ती नकाशी काचेत पुन्हा साधली. काम संपत आलं असताना त्याचंही पात्र तडकलं, तरी त्यानं ते पुरं केलं. मूळ रोमन उस्तादांनी तो पांढरा थर नेमका कसा चढवला, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

मुरानोवरही ती पाळी येऊन गेली. १७९७ साली नेपोलियननं व्हेनिसचं गणराज्य बुडवलं, मागोमाग काचवाल्यांची श्रेणी मोडली. ज्या फिलिग्रानासाठी माणसं कोंडली गेली होती, तिचे कितीतरी प्रकार मुरानोतच विसरले गेले. एकोणिसाव्या शतकात अंतोनिओ साल्व्हियातीनं १८५९ साली कारखाना काढला, विन्चेन्झो झानेत्ती या धर्मोपदेशकानं १८६१ साली जुने नमुने गोळा करून संग्रहालय उघडलं, आणि कारागिरांची मुलं जुने पेले समोर ठेवून ती नकाशी पुन्हा शिकली. मुरानोची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते; २०२२ साली गॅसचे भाव भडकले तेव्हा कित्येक भट्ट्या विझवाव्या लागल्या. २०२३ साली युनेस्कोनं हातानं काच बनवण्याच्या विद्येला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. ज्या सहा देशांनी मिळून तो अर्ज केला, त्यांत चेक प्रजासत्ताक, जर्मनी आणि फ्रान्स आहेत. एके काळी एकमेकांचे कारागीर पळवणाऱ्या मुलखांनी आता ती विद्या मिळून सांभाळायचं ठरवलं आहे, हे मला मोठं अर्थपूर्ण वाटतं.

सोडा, पोटॅश आणि शिसं, हे काचेचे तीन स्वभाव. प्रत्येकीनं आपली नकाशी मागून घेतली. आणि ज्यानं तो स्वभाव ओळखला, त्याचं नाव झालं. पण स्वभाव ओळखणारा हात दुसऱ्या हाताला शिकवला नाही, तर जिनसांची यादी उशाशी ठेवूनही उपयोग नाही. व्हेनिसला चोरांची भीती वाटत होती. खरी भीती शागीर्द न मिळण्याची होती.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर आज मला देता येतं. ते ऐकायला आजोबा नाहीत. पण गेल्या गणपतीत त्या झुंबराचे लोलक पुसायला मी माझ्या मुलीला बसवलं, एक लोलक तारेला धरून उचलला, टिचकी मारली आणि तिला विचारलं, ‘‘दोन्ही काचच ना? मग हा का गातो, सांग पाहू.’’ उत्तर मी अजून तिला सांगितलेलं नाही. आधी थोडे दिवस तिनं टिचक्या मारून पाहाव्यात, असं म्हणतो.